जळक्या खोडातलं अस्वल

अकरा वर्षं यलोस्टोनच्या जंगलात जाऊनही नॉर्बर्टला अस्वल दिसलं नव्हतं. दोष कॅमेऱ्याच्या लेन्सचा, असं ठरवून त्यानं यंदा तोफेएवढी लेन्स घेतली. ती तपासायला रस्त्याकडेला ट्रायपॉड मांडून लांबच्या जळक्या खोडावर नेम धरला. मोठी लेन्स दिसली की इथं गाडी थांबतेच. “काय दिसतंय हो?” पहिल्या गाडीवाल्यानं विचारलं. खोड बघतोय हे सांगायची लाज वाटून नॉर्बर्ट पुटपुटला, “अस्वल. झोपलंय.” तासाभरात चाळीस कॅमेरे जमले. “कान हलवला बघा!” कुणीतरी ओरडलं. मग नॉर्बर्टलाही कान दिसला. अकरा वर्षांनी त्याचे डोळे भरून आले. बायकोनं बाही ओढली. “अरे, मागे बघ ना!” “गप गं, उठेल ते!” कपाळाला हात लावून ती बाजूला झाली आणि तिनं मोबाइल काढला. फोटोत चाळीस पाठी आल्या, आणि त्यांच्यामागे, एवढं काय बघतायत म्हणून मागच्या पायांवर उभं राहून डोकावणारं अस्वल.