वाटेवरची मोहरी

“ये गं माझे साळुंके, वेणी घालते,” ही आईची हाक वच्छलाबाईंच्या कानात पन्नास वर्षं जपलेली होती. दुपारच्या खेळाला पडद्यावर हडळ आली आणि नेमकी तीच हाक त्यांना मनात पुन्हा ऐकू आली.

हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. पडक्या हवेलीत ती उलट्या पावलांनी फिरत होती, तोंडातून काळी लाळ गळत होती.

“शी! केवढी घाण!” मागून कुणी किंचाळलं.

“अरे, हिला आधी आंघोळ घाला!” दुसरा म्हणाला, आणि अख्खं थिएटर खिदळलं. शेजारी लेक केतकीही पॉपकॉर्न चघळत हसत होती.

मग गावकऱ्यांनी हडळीच्या वाटेवर मोहरी फेकली. दाणे वेचता वेचता उजाडावं, तिनं घर गाठू नये, म्हणून. शिट्ट्या वाजल्या. “टाका, अजून टाका!” केतकी ओरडली.

वच्छलाबाई तडक उठून बाहेर आल्या. केतकी मागोमाग धावली.

“आई, घाबरलीस होय? खोटं असतं गं सगळं.”

“घाबरले नाही. किळस आली.”

“त्या हडळीची?”

“माझी.” त्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. “तुझी आजी तापानं गेली नाही, केतकी. दुसऱ्या खेपेला अडली आणि गेली. तिरडीमागं घरापासून वेशीपर्यंत मोहरी टाकायला लावली मला. आठ वर्षांची होते. मूठ मूठ टाकत गेले, आई परत घरी येऊ नये म्हणून.”