फाटकाबाहेरचं ताट

ताट फाटकाच्या आत न्यायचं नाही, हे बुआफानला कुणी सांगावं लागलं नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा पोरगा केंग रिंगरोडवर ट्रकखाली गेला. असा रस्त्यावर, अवचित गेलेला माणूस विहाराच्या आवारात पाऊल ठेवू शकत नाही. त्याचं जेवण भिंतीबाहेर मांडायचं, भन्तेंनी बाहेर येऊन त्याचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं, तरच ते त्याला पोचतं. चिआंग माईतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

आज नव्या वर्षाचा, एकमेकांवर पाणी उडवायचा दिवस. अख्खं गाव आपापल्या गेलेल्यांसाठी ताटं घेऊन विहारात आलेलं. बुआफानची ही पहिलीच खेप. चिकट भात, आलं घालून शिजवलेलं डुकराचं मटण, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लाल सोड्याची बाटली. केंगला जेवताना ती लागायचीच.

रस्त्यावर नुसता उच्छाद चालला होता. फिरायला आलेली पाहुणे मंडळी गाड्यांवर पिंपं चढवून गावाभोवतीच्या खंदकातलं हिरवं, कुजकं पाणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर फेकत होती. फाटकापाशी बिअरच्या बाटल्या, त्यांच्याशेजारी कुणाची तरी ओकारी. आणि आपली माणसं तरी काय कमी आहेत? आमच्या आज्या नेसायच्या तसली रेशमी वस्त्रं आणि चोळ्या समोरच्या दुकानात तासावर भाड्यानं मिळतात. चोळी सैल झाली की पाठीला कपड्यांचे चिमटे लावून देतात. पुढून राणी, मागून वाळत घातलेलं धुणं. किळस येते बघून.

बुआफाननं भिंतीलगत केळीचं पान पसरलं, त्यावर ताट ठेवलं, मेणबत्ती लावली. म्हातारे भन्ते कबूल करूनही अजून बाहेर आले नव्हते. त्यांना बोलवायला ती मागच्या कुटीकडे गेली.

तेवढ्यात बँकॉकची एक पोरगी आली. बीम तिचं नाव. पाठीला दोन चिमटे, हातात कागदी छत्री, सोबत कॅमेरावाला मित्र.

"अय्या, किती गोड! कुणी असंच टाकून गेलंय का रे?"

"असू दे, उचल तू," मित्र म्हणाला. "आत चल, मागे सोनेरी स्तूप येईल. इथं नुसतं गटार येतंय."

फाटकाजवळची फुलवाली ओरडली, "ए बाई, ते बाहेरचं ताट आहे! ठेव खाली!" पण रस्त्यावर गाण्यांचा एवढा ठणाणा, की बीमनं तिला हात जोडून गोड हसून दाखवलं आणि ताटासकट उंबरा ओलांडला.

आत ताटं घेऊन घेऊन घायकुतीला आलेले एक तरुण भन्ते माइक धरून बसले होते. यंदाच आलेत, बाहेरगावचे. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

बीम गोंधळली. मित्र हातानं खुणावत होता, बोल, बोल, शूटिंग चालू आहे.

"टोफू," ती म्हणाली.

"तुमचा कोण?"

"माझं बाळ." तिचे डोळे खरंच भरून आले. ते तरी खोटं म्हणता येणार नाही.

भोंग्यावरून आवाज आला, "टोफू नावाच्या बाळाला हे अन्न पोचो, त्याची भूक शांत होवो." भन्तेंनी पाणी सोडलं.

बुआफान तेव्हा म्हाताऱ्या भन्तेंना घेऊन कुटीकडून येत होती. कुणाचं तरी लेकरू गेलंय, म्हणून तिनंही जागच्या जागी हात जोडले.

फाटकाबाहेर केळीचं पान होतं आणि मेणबत्ती होती. फुलवालीनं कपाळावर हात मारला आणि आत बोट दाखवलं. बुआफान धावत आत गेली, फुलवाली तिच्यामागं. तरुण भन्तेंसमोरच्या ताटांत तिचं ताट होतं, लाल बाटली डोकं वर काढून.

म्हातारे भन्ते मागून आले, ताटाकडे बघितलं, खाली बसले. "पाणी सोडलं गं, बुआफान. आता ते ज्याला दिलं त्याचं. उद्या दुसरं आण. मी सकाळीच फाटकाबाहेर येऊन उभा राहतो."

"आज सगळ्यांची माणसं जेवली, भन्ते," ती म्हणाली. "तो बघत उभा असेल."

बीमला आता कुठं उमगलं. "सॉरी हं, मावशी. मला खरंच माहीत नव्हतं. मी पोस्टमध्ये तुमचं नाव टाकते ना, मोठ्या अक्षरात!"

"तुझं बाळ केवढं होतं गं?" बुआफाननं विचारलं.

बीमनं मोबाइल पुढं केला. पांढरं, केसाळ कुत्रं, डोक्याला गुलाबी रिबीन, जीभ बाहेर.

"शी!" फुलवाली म्हणाली आणि भर विहारात पचकन थुंकली. मित्राचा कॅमेरा चालूच होता मेल्याचा.

बुआफान थुंकली नाही की ओरडली नाही. तिनं मोबाइल हातात घेऊन तो फोटो डोळ्यांजवळ धरला.

"चावायचा का गं हा?"

"छे हो, मावशी! फार मायाळू होता."

"मग सांग त्याला," बुआफान म्हणाली. "थोडं फाटकापर्यंत घेऊन ये म्हणावं. उष्टं असलं तरी चालेल. माझं पोर बाहेर उभं आहे."