जळतंय कुठं?

फुलांच्या झोपाळ्यावर आसावरीला एका जागी बसवेना. अंगावर हिरवी साडी, गळ्यात मोगऱ्याचे दागिने, आणि येलहंक्याच्या त्या फ्लॅटमध्ये बायकांचा नुसता कल्ला. डोहाळजेवण तिचं होतं आणि छातीत जळतही तिच्याच होतं.

"स्वल्प अ‍ॅसिडिटी आहे, अक्का," शेजारची पवित्रा म्हणाली.

"अगं, जळजळतंय म्हणजे बाळाला जावळ भरपूर असणार!" मामी म्हणाल्या, आणि सगळ्या खिदळल्या. हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई.

अहल्याबाईंचा आसावरीला अगदी वीट आला होता. जळजळ सुरू झाल्याचं कळताच त्या निपाणीहून येऊन थडकल्या, आणि तेव्हापासून रोज तीच उलटतपासणी. जेवल्यावर जळतं की आधी? उठून बसलीस की कमी येतं काय? जेवल्यावर जळतं, बसलं की बरं वाटतं, एवढं ऐकलं की बाईंचा जीव भांड्यात पडायचा. मग थंड दूध पुढ्यात यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे.

आजही ओटीचं तबक घेऊन पुढे आल्या आणि विचारलंच, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"काहीच नाही, आई. कालपासून डोकं ठणकतंय. खावंसंच वाटत नाहीये."

"मग जळतंय कुठं?"

आसावरीने वैतागून हात ठेवला. तो छातीवर गेलाच नाही, उजव्या बरगडीखाली गेला. आणि ती तर केव्हाची बसूनच होती. बाळाला काही होणार नाही ना, एवढंच तिच्या मनात आलं.

अहल्याबाईंनी तबक खाली ठेवलं. "अजिंक्य, गाडी काढ. दवाखान्यात जायचंय."

बायका कुजबुजू लागल्या. ओटी न भरताच उठवायचं? आसावरीचा नवरा अजिंक्य त्यांचा थोरला, आईला कधी उलट न बोलणारा. पण एवढ्या बायकांसमोर तोही चुळबुळला.

"आई, हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतरी वेळ जाणारच. ओटी तेवढी भरून घे ना. पाच मिनिटं."

अहल्याबाई सुनेच्या गळ्यातली फुलं उतरवत होत्या. हात थांबले नाहीत.

"तुझ्या आधीच्या खेपेला माझी ओटी भरेपर्यंत थांबले होते सगळे."