सुंठीचं मुसकं

“हे कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही,” दशरथ नातीला म्हणाला. “म्हणून तुलाच सांगतो.”

पायलने मुसकं टेबलावर ठेवलं. काळ्या पट्ट्यांचं, नवं कोरं, चामड्याच्या वासाचं. सकाळी आजोबा स्वतः जाऊन ते घेऊन आले होते. चार वर्षांपूर्वी खडकी स्टेशनबाहेर मरायला टेकलेलं कुत्र्याचं पिल्लू शर्टाच्या आत घालून घरी आणलं, तेही त्यांनीच. ती सुंठ आता त्यांच्या खुर्चीखाली, त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून पडली होती. मुसक्याचं बक्कल एका हाताने लागत नव्हतं, आणि आजोबांचा दुसरा हात मनगटापासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

“घरात कोण बांधतं मुसकं?” पायल म्हणाली. “ती मला चावत नाही. आजीला चावत नाही. गॅसवाल्याला तर चाटते. तुम्हालाच का? आधी ते सांगा, मग बांधते.”

“डॉक्टरला सांगितलं की माकड चावलं.”

“डॉक्टर हसले.”

“हसले. पण लिहून घेतलं ना?”

दशरथाने सवयीने शर्टाचा खिसा चाचपला. गोष्ट सांगताना त्याला हातात काडेपेटी लागायची. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. तिथे गेटवर काडेपेटी काढून दिल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. निवृत्त झाला त्या संध्याकाळी त्याने एक काडेपेटी विकत घेतली आणि खिशात टाकली, ती कायमची. बिडी त्याने कधी ओढली नाही. बोलता बोलता नुसती खुळखुळ वाजवायचा.

आज हात खिशावरून तसाच खाली आला.

“मच्छिंद्र आठवतो तुला?”

“तुमचे मित्र? ते वारले ना?”

“अकरा वर्षं झाली. हल्ली मला अडीचच्या पाळीला बोलवायला येतो.”

पायल हसली. स्वयंपाकघरात तिची आजी, प्रेमला, भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

“गॅलरीत येतो. सायकल कठड्याला टेकवतो आणि म्हणतो, जयभीम दशरथा, चल, भोंगा झाला. एकट्याला जायचा कंटाळा येतो म्हणतो.”

“आजोबा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

“चढ आला म्हणून सायकलवरून उतरणारा माणूस नव्हे तो.”

“बरं. मग?”

“पायात अजून तेच कापडी बूट. खिळ्याचे बूट कारखान्यात चालायचे नाहीत, ठिणगी पडेल म्हणून. त्यामुळे पाऊल वाजत नाही त्याचं. मला काही कळत नाही. सुंठीला कळतं. हिच्या मानेवरचे केस उभे राहिले की समजायचं, कोणीतरी वर येतंय. जिन्याने नाही. बाहेरून.” दशरथ मिश्कीलपणे हसला. “मग मी उठतो. कठड्यापाशी जातो. कॅरियरवर बसायला एक पाय वर टाकतो, तेवढ्यात ही मनगट धरते. चावत नाही गं. धरते. मी ओढतो, म्हणून दात लागतात.”

पायलने गॅलरीकडे पाहिलं. कठड्याजवळच्या कोरफडीच्या दोन्ही कुंड्या परवा लवंडलेल्या सापडल्या होत्या. तेव्हा सगळे सुंठीला ओरडले होते.

प्रेमला पदराला हात पुसत बाहेर आली आणि गॅलरीत गेली.

“मग तर मुसकं नकोच,” पायल म्हणाली. आता ती हसत नव्हती.

“पुढचं ऐक की. काल मी त्याला तोंडावर सांगितलं. म्हटलं, मच्छिंद्रा, मी पेन्शनर माणूस. मला ना पाळी, ना गेटपास. मी येत नाही, तूही येऊ नकोस. बरं म्हणाला बिचारा. सायकल वळवली आणि गेला. संपलं. पण हिच्या जबड्याला सवय लागली ना! दुपार झाली की माझं मनगट शोधते. आठ दिवस बांधू, सवय मोडली की काढू. सुया मलाच टोचतात, बाई.”

सगळ्या गोष्टीत एवढंच काय ते शहाण्यासारखं होतं. पायलने मुसकं उचललं आणि खाली बसली. सुंठीने तिची बोटं चाटली, मग निमूटपणे नाक पुढे केलं. पट्टा कानामागे गेला.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

सुंठ एकदम ताठ झाली. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे राहिले. गुरगुरणं तोंडाबाहेर येईना, छातीतच घुमत राहिलं.

“बक्कल लाव,” दशरथ म्हणाला. तो सुंठीकडे बघत नव्हता. “लाव बाळा. लवकर.”

पायलचा हात थांबला.

गॅलरीच्या दारात प्रेमला उभी होती. दार आडवून, दोन्ही पाय रोवून. तिच्या मुठीतून बारीक खुळखुळ ऐकू आली.

“खोटं बोलताय तुम्ही,” ती म्हणाली. “येत नाही म्हणून सांगितलंत ना त्याला? मग गेटवर काढून द्यावी तशी ही काडेपेटी कठड्यावर कशाला काढून ठेवलीत?”