घंटेची तार

शीतगृहाचं दार मागे लागलं आणि आतली कडी वायरवाल्या ताईच्या हातातच आली.

"अगं बाई," ती म्हणाली. तोंडातून वाफ निघाली.

तारेचा एक जोड बघायला ती मिनिटभर आत आली होती. मोबाइल राहिला वरच्या ऑफिसात, पर्समध्ये. हमाल माल लावून गेलेले. दार उघडणार ते उद्या सकाळी. उणे अठरा, आणि अंगात सुती कुर्ता. पण दाराशेजारी लाल बटण होतं. आत कोणी अडकलं, तर वर घंटा वाजवणारं. तिने ते दाबलं. वाट पाहिली. पुन्हा दाबलं.

कोणी आलं नाही. तिने बटणाच्या तारेचा नजरेने माग घेतला. ती छतालगत जाऊन फोनच्या करड्या केबलला मिळत होती.

सकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "भिंतींना भोकं नकोत हं, ताई. फोनच्या केबलमध्ये तारा शिल्लक असतील, त्यातूनच माझ्या कॉम्प्युटरला नेट द्या." केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक फोनची. बाकीच्यांची वरची टोकं तिने सोडवली, मीटर लावला. काटा ढिम्म. "मेल्यात," ती ऐटीत म्हणाली आणि त्यातल्या दोन जोड्या साहेबांच्या नेटला दिल्या. वीस वर्षं तारांत घालवलेल्या बाईला एवढं कळू नये? बटण दाबेपर्यंत घंटेची तार मेलेलीच असते.

तिने दारावर लाथा मारल्या. हाका मारल्या. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. ते जास्त वाईट, हे तिला ठाऊक होतं. लेकीला ती सांगून निघाली होती, "आतून कडी लाव. मी आल्याशिवाय कुणालाही उघडू नकोस." पोरगी शहाणी. उघडणार नाही.

ताई अंगठ्याने बटण दाबून उभी राहिली. आत तारेला तार भिडत होती, पण टोकाला घंटा कुठे होती? तरी तिने अंगठा काढला नाही. दुसरं करणार काय?

धाडकन दार उघडलं. साहेब, लालबुंद.

"काय जोडणी केलीय तुम्ही? अर्धा तास झाला, नेट बंद-चालू, बंद-चालू! आता तर साफ बंद! तुमची केबल बघत बघत इथवर आलो मी!"

ताईचा अंगठा अजून बटणावरच होता. तिने तो हळूच उचलला. वर साहेबांचं नेट सुरू झालं असणार.