इन्क्युबेटरची पूजा

लातूरच्या एका लॅबमध्ये खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली. त्या नादात कोण्या भक्ताने इन्क्युबेटर उघडून आतल्या बशांवरही नारळाचं पाणी शिंपडलं. त्या बशांमध्ये ऋतुजाची पीएचडी होती: कॅन्सरच्या पेशी, आणि माणसाच्या रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी, ज्या त्यांच्यासमोर नुसत्या ढिम्म बसून होत्या.

दसरा उरकून ती आली तर बशांत जंतू माजलेले. "कोणी उघडलं होतं?" ती कडाडली. "म्या न्हाई बा," सगळे एका सुरात.

फेकून द्यायच्या आधी तिने रडत रडत एक बशी मायक्रोस्कोपखाली धरली आणि किंचाळलीच. जंतू दिसताच पांढऱ्या पेशी खवळल्या होत्या आणि त्याच झपाट्यात त्यांनी कॅन्सरचाही फडशा पाडला होता!

लॅबभर पेढे वाटले गेले. मग बघा तमाशा. विभागप्रमुख मार्तंड सर म्हणाले, "पाणी मीच शिंपडलं होतं. पेपरवर माझं नाव पहिलं टाक." उज्ज्वला मॅडम उसळल्या, "काहीबी काय सर, शिंपडलं मी!" टेक्निशियन सुदर्शन ओरडला, "नारळ तर माझ्या हातात होता की ओ!"

"एकदाचं नक्की ठरवा," ऋतुजा हातातला पेढा खाली ठेवत म्हणाली. "त्या जंतूचं नावगाव काढलंय मी. संडासातनं येऊन हात न धुणाऱ्याच्या हातावरचा हाय तो."



"देवानंच केलं गं पोरी," सर म्हणाले, आणि सगळ्यांनी वर बघून हात जोडले.