आडवं घड्याळ

भैयाजींनी गावातला पहिला ट्रॅक्टर चावडीपुढं आणून भाड्याचा दर सांगितला, "नांगर लावला तर तासाले सात रुपये, सपाटीची फळी लावली तर पाच." भागीरथाबाईच्या धानाच्या बांध्या म्हणजे अंगणाएवढी खाचरं; यंत्राचा निम्मा वेळ वळण्यातच जाणार. "भाऊ, नांगर वर उचलून वळता, त्याचे पैसे मी काऊन देऊ?" तिनं विचारलं. "मंग घडीघडी घड्याळ थांबवू कसं?" भैयाजी हसले. ती तडक घरी गेली आणि वारलेल्या नवऱ्याचं गजराचं घड्याळ घेऊन आली. आडवं केलं की ते थांबायचं, उभं केलं की चालायचं. गाव त्याला हसायचं. भैयाजींनी ते दोनदा निजवून पाहिलं. "नांगर मातीत असन, तवाच घड्याळ उभं. सगळ्यायसाठी." सकाळी तिच्या शेताच्या कडेला, धुऱ्याशी नांगर वर उठला तेव्हा बांधावर बसलेल्या भागीरथाबाईनं घड्याळ मांडीवर आडवं केलं. "आता आरामानं वळवा, भाऊ!"